जनरल रेडिओचा १६०६-ए ब्रिज हाती आलाय : जुन्या आरएफ इम्पिडन्स उपकरणांबद्दल बोलूया

शून्यबिंदू :

नमस्कार मंडळी. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या टेस्टिंग विभागाचं सामान भंगारात निघालं होतं. त्यात जनरल रेडिओ कंपनीचा १६०६-ए आरएफ ब्रिज होता, तो मी वजनाच्या भावात उचलला. पेटी शाबूत आहे, दोन्ही डायल मोकळ्या फिरतात, मॅन्युअलची प्रत नेटवर मिळाली.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ४०० किलोहर्ट्झ ते ६० मेगाहर्ट्झ या रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या (आरएफ) पट्ट्यात अँटेना, कॉइल, केबल यांचा इम्पिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण विरोध, मोजणारं हे उपकरण. आत व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही, भिंतीत लावायची पिनसुद्धा नाही. एका बाजूला सिग्नल जनरेटर जोडायचा, दुसऱ्या बाजूला रिसीव्हर, आणि आवाज नाहीसा होईपर्यंत दोन डायल आळीपाळीने फिरवायच्या. एक डायल रेझिस्टन्सची, ० ते १००० ओहम. दुसरी रिॲक्टन्सची, म्हणजे कॉइल-कंडेन्सरच्या स्वभावामुळे होणाऱ्या विरोधाची, ० ते ५०००. ही दुसरी १ मेगाहर्ट्झसाठी आखलेली आहे, म्हणून आलेल्या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचं.

याची आधीची आवृत्ती ९१६-ए. ती १९४० च्या सुमारास डोनाल्ड सिंक्लेअर यांनी बांधली. मॅन्युअल वाचताना मला सगळ्यात आवडलं ते हे, की रेझिस्टन्स मोजायलाही यात बदलता रेझिस्टर वापरलेला नाही. दोन्ही डायलखाली हवेचे गँग कंडेन्सरच आहेत. आरएफवर भरवशाचा बदलता रेझिस्टर बनवणं अवघड, पण पितळ-ॲल्युमिनियमच्या पात्यांचा कंडेन्सर मात्र वर्षानुवर्षं तोच आकडा देतो. रेझिस्टन्स कंडेन्सरच्या बदलाच्या प्रमाणात मिळतो आणि त्यात फ्रिक्वेन्सी येतच नाही. त्यामुळे ती डायल सगळ्या पट्ट्यात थेट ओहममध्ये वाचता येते.

हे उपकरण मला शोकेसमध्ये ठेवायचं नाही, वापरायचं आहे. ज्यांनी असे ब्रिज, क्यू मीटर, स्लॉटेड लाइन हाताळलेत त्यांनी लिहा. सुरुवात कुठून करू?

तळेगावकर :

वा! हातोडा पडायच्या आत वाचला म्हणायचा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

मध्यमलहर :

शून्यबिंदू, फार चांगलं काम केलंत. माझी नोकरी मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्रांवर गेली. मनोऱ्याच्या पायथ्याशी हा ब्रिज मांडून बसणं हा माझ्या कामाचाच भाग होता, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी साफसफाई. कंडेन्सरच्या पात्यांना हात लावू नका. ब्लोअरने हलकी हवा मारा, बस. पातं केसभर वाकलं तरी डायलची आखणी बिघडते आणि ती परत जुळवायची सोय घरी नसते. बेअरिंगला तेल सोडू नका. फिरत्या भागाला टेकणाऱ्या पत्र्याच्या स्प्रिंगा मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्या. डायल फिरवताना रिसीव्हरमध्ये खरखर ऐकू आली तर दोष बहुतेक तिथेच असतो.

आता रिसीव्हर. कोणताही जुना, जाड पत्र्याच्या पेटीतला कम्युनिकेशन रिसीव्हर चालेल. एजीसी (ताकद आपोआप जुळवणारी सोय) बंद करा. ते चालू ठेवलं तर तुम्ही शून्याकडे जाल तसा रिसीव्हर स्वतःची ताकद वाढवत जाईल आणि शून्य कुठे आहे ते कळणारच नाही. बीएफओ (सिग्नलची ऐकू येणारी शिट्टी करणारा आतला ऑसिलेटर) चालू ठेवून शिट्टी ऐका. ती कमी होत होत नाहीशी झाली पाहिजे, आणि डायल जरा पुढे नेली की पुन्हा उठली पाहिजे.

शून्य मिळालं की लगेच आकडा लिहून मोकळं व्हायचं नाही. रिसीव्हरची केबल ब्रिजपासून काढून बघा. तरीही शिट्टी येत असेल तर जनरेटरचा सिग्नल ब्रिजला बगल देऊन हवेतून किंवा मेनच्या वायरीतून पोचतोय, आणि तुमचं शून्य खोटं आहे. दुसरी तपासणी म्हणजे केबलच्या बाहेरच्या जाळीला आणि ब्रिजच्या पेटीला हात लावून बघणं. हात लावल्यावर शून्य सरकलं तर अर्थिंग कच्चं आहे. तांब्याची रुंद पट्टी घ्या, बारीक तार नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं : जोडणीची तार. मोजायच्या वस्तूपर्यंत जाणारी २० सेंटिमीटर तार साधारण ०.२ मायक्रोहेन्रीची असते. १ मेगाहर्ट्झवर तिचे सव्वा ओहम होतात, ३० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ३८ ओहम. ब्रिज हे आपणहून वजा करतो, कारण पहिलं शून्य तारेचं टोक अर्थला जोडूनच काढायचं असतं आणि दुसरं वस्तू जोडून. उत्तर म्हणजे या दोहोंतला फरक. पण हे खरं कधी ठरतं? दोन्ही वेळा तार तशीच, त्याच जागी असेल तर. पहिल्या शून्यानंतर तार वाकवली, जरा बाजूला घेतली, की तुम्ही दुसऱ्याच तारेचा इम्पिडन्स वजा करताय. मी तारेला लाकडी पट्टीचा टेकू देत असे.

एक उदाहरण देतो. पुण्याची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झ. रिॲक्टन्सची डायल ० वर ठेवून पहिलं शून्य काढलं आणि मनोरा जोडल्यावर ती ९५ वर आली, तर ९५ भागिले ०.७९२, म्हणजे अधिक १२० ओहम. भार कंडेन्सरच्या स्वभावाचा असेल तर डायल खाली सरकते. म्हणून तेव्हा पहिलं शून्य वरच्या एखाद्या आकड्यावर, समजा ३००० वर, काढायचं.

मेधा_ई :

काका, खूप छान लिहिलंय. मी बंगळुरूला आरएफ डिझाइनमध्ये आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. आज नॅनोव्हीएनए, म्हणजे खिशात मावणारा व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर (व्हीएनए), काही हजारांत मिळतो. शेकडो फ्रिक्वेन्सींवरचा इम्पिडन्स तो डोळ्याची पापणी लवायच्या आत स्मिथ चार्टवर (इम्पिडन्स मांडायचा गोल आलेख) काढून दाखवतो. तारेचं जे सांगितलंत तेच आम्ही ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशनमध्ये (आधी टोक मोकळं, मग जोडलेलं, मग ठरावीक भार लावून) करतो. मग एकेका फ्रिक्वेन्सीला दोन डायल जुळवत बसण्यात शिकण्यापलीकडे व्यवहाराचा फायदा आहे का? खरंच जाणून घ्यायचंय.

मध्यमलहर :

मेधाताई, प्रश्न रास्त आहे. व्हीएनए उत्तम उपकरण आहे, माझ्याकडेही आहे. पण त्याचा सिग्नल मिलिवॅटच्याही अंशात असतो आणि त्याच्या पोर्टवर कुठलाही गाळणीचा टप्पा नसतो. आता मुंबईच्या हवेत ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झचे दणकट सिग्नल आहेत. प्रक्षेपण केंद्राच्या परिसरात लांब तार किंवा मनोरा घेतलात तर त्यावर शेजारच्या प्रक्षेपणाचा काही व्होल्ट दाब नुसता हवेतून चढतो. व्हीएनएचा मिक्सर त्याखाली दबतो आणि पडद्यावर वेडीवाकडी रेघ येते. कधी मिक्सरच जातो.

ब्रिजमध्ये मी जनरेटरची ताकद वाढवू शकतो, आणि डिटेक्टर म्हणून जो रिसीव्हर आहे तो एका अरुंद पट्ट्याखेरीज बाकी सगळं नाकारतो. शेजारचा सिग्नल ब्रिजमध्ये शिरतो खरा, पण मला तो ऐकूच येत नाही. म्हणून जगभरचे मध्यम लहरींचे इंजिनिअर हा ब्रिज इतकी वर्षं बाळगून होते.

याच्याही पुढची पायरी अमेरिकेतल्या डेल्टा इलेक्ट्रॉनिक्सने गाठली. त्यांचा ओआयबी-१ ब्रिज चालू ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्या मध्ये बसतो, ५ किलोवॅटपर्यंतची शक्ती त्यातून जाते, आणि ती जात असतानाच इम्पिडन्स वाचायचा. हे का लागलं? तिकडे अनेक केंद्रांवर दिशादर्शी प्रक्षेपणासाठी दोन, तीन, कधी जास्त मनोरे एकत्र चालवतात. प्रत्येक मनोऱ्याचा इम्पिडन्स एकट्याने मोजला तर एक येतो आणि सगळे चालू असताना दुसराच, कारण शेजाऱ्यांचं क्षेत्र त्यात करंट ढकलत असतं. एखाद्या मनोऱ्याचा रेझिस्टन्स चक्क ऋण येतो. तो मनोरा शक्ती घेण्याऐवजी फीडरमध्ये परत पाठवत असतो. ओआयबीवर हे ऋण मूल्यही वाचता येतं. थंड, म्हणजे शक्ती न दिलेल्या, अँटेनावर व्हीएनए लावून ही गोष्ट दिसणारच नाही.

मेधा_ई :

ऋण रेझिस्टन्स प्रत्यक्ष मनोऱ्यावर! हे पुस्तकात म्युच्युअल इम्पिडन्सच्या समीकरणांत पाहिलं होतं, पण कुणी मोजलंय असं पहिल्यांदाच वाचलं. प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं, काका.

तळेगावकर :

क्यू मीटरबद्दल मी लिहितो. माझ्याकडे बूंटन रेडिओ कॉर्पोरेशनचा २६०-ए आहे, ५० किलोहर्ट्झ ते ५० मेगाहर्ट्झ. हॅम मंडळींना कॉइलचं जे वेड असतं त्यावर याच्याइतकं समाधान देणारं दुसरं उपकरण नाही.

तत्त्व अगदी सरळ. ०.०२ ओहमच्या रेझिस्टरमधून ठरलेला करंट सोडून कॉइलच्या मालिकेत छोटासा, माहीत असलेला व्होल्टेज घालायचा. कंडेन्सर फिरवून रेझोनन्स आणायचा. कंडेन्सरवर जितक्या पटीने व्होल्टेज वाढला तो क्यू. मोजणी होते ती व्होल्टमीटरवर, पण वाचायला थेट क्यूची पट्टी.

यात कॉइलची स्वतःची, वेढ्यांमधली कपॅसिटन्सही काढता येते. एका फ्रिक्वेन्सीवर रेझोनन्स आणा, कंडेन्सरचा आकडा लिहा. फ्रिक्वेन्सी दुप्पट करा, पुन्हा रेझोनन्स, पुन्हा आकडा. पहिल्यातून दुसऱ्याची चौपट वजा करून तिनाने भागा. ४२० आणि १०० पिकोफॅरड आले तर २० भागिले ३, म्हणजे पावणेसात पिकोफॅरडच्या आसपास. दोन वाचनांत कॉइलचं गुपित बाहेर.

घेताना एकच काळजी. तो ठरलेला करंट मोजायला आत थर्मोकपल आहे आणि ते अतिशय नाजूक असतं. ऑसिलेटरची ताकद लाल खुणेपलीकडे नेली की जळतं, आणि तसं दुसरं मिळवणं महाकठीण. मल्टिमीटर ओहमवर लावून ते तपासायचा मोहही टाळा. मीटरच्या करंटनेसुद्धा ते जाऊ शकतं. विकणाऱ्याकडे चालू करून दाखव म्हणावं, ऑसिलेटरची ताकद अगदी कमीवर ठेवूनच.

दुसरं, ही उपकरणं अमेरिकन ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपले ५० हर्ट्झ राहतातच, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. मी डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज चढवत नेतो आणि पहिल्या वेळी हात ट्रान्सफॉर्मरवर ठेवूनच बसतो.

पार्सिपनीकर :

बूंटनचं नाव वाचलं आणि राहवलं नाही! मी न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतो, बूंटन गाव अगदी शेजारी. इथे मराठी माणसं खूप, पण या गावाच्या नावाची कंपनी १९३४ साली निघाली आणि क्यू मीटर जगाला दिला, हे इथल्या किती जणांना माहीत असेल? १९५९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने ती विकत घेतली. त्यानंतरच्या काही उपकरणांवर दोन्ही नावं दिसतात.

त्यांचंच आरएक्स मीटर २५०-ए कुणी वापरलंय का? ५०० किलोहर्ट्झ ते २५० मेगाहर्ट्झ, ऑसिलेटर आणि डिटेक्टर दोन्ही त्याच पेटीत.

तळेगावकर :

आरएक्स मीटर एकदा एका मित्राकडे हाताळलं आहे. ते समांतर रेझिस्टन्स आणि समांतर कपॅसिटन्स दाखवतं. १६०६ मात्र एकापुढे एक (सीरिजमध्ये) धरलेल्या रेझिस्टन्स-रिॲक्टन्सची मूल्यं देतो. म्हणून मोठ्या इम्पिडन्सच्या वस्तूंना, उदाहरणार्थ व्हॉल्व्हच्या इनपुटला किंवा समांतर ट्यून्ड सर्किटला, आरएक्स मीटर सोयीचं. अँटेनाला १६०६.

रानवारा :

पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. ब्रिज ६० मेगाहर्ट्झलाच का थांबतो? आणि त्याच्या वर त्या काळी काय वापरायचे?

शून्यबिंदू :

रानवारा, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. वरच्या फ्रिक्वेन्सीला कंडेन्सरच्या पात्यांची आणि आतल्या जोडण्यांची इंडक्टन्स डोकं वर काढते. १६०६ च्या मॅन्युअलमध्येच वरच्या टोकाला रेझिस्टन्सच्या आकड्यात करायच्या दुरुस्तीचा आलेख आहे. शिवाय रिॲक्टन्सची पट्टी आक्रसते. ७ मेगाहर्ट्झला ती सातशे ओहमपर्यंत पोचते, ६० ला जेमतेम ८३. त्यावर उपाय काय होता ते जाणकार सांगतीलच.

मेधा_ई :

रानवारा, हे मला लिहू दे, कारण यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते.

एक मार्ग म्हणजे स्लॉटेड लाइन. तुमच्या कॉलेजच्या मायक्रोवेव्ह लॅबमध्ये एक्स-बँड बेंच असेल. रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉन, ॲटेन्युएटर, खाच पाडलेला वेव्हगाइड आणि त्यावर सरकणारा प्रोब. तेच. लाइनवरच्या स्थिर लहरीचे उंचवटे आणि खळगे प्रोबने चाचपायचे. लागोपाठच्या दोन खळग्यांतलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. नेहमीच्या २२.८६ मिलिमीटर रुंदीच्या गाइडमध्ये ९.४ गिगाहर्ट्झला ते साधारण २२.३ मिलिमीटर येतं. आधी टोकाला शॉर्ट लावून खळग्याची जागा लिहायची, मग भार लावून ती किती सरकली ते बघायचं. सरकण्यातून फेज मिळते, उंचवट्या-खळग्यांच्या गुणोत्तरातून परावर्तनाचं मान, आणि दोन्ही स्मिथ चार्टवर मांडले की इम्पिडन्स. फिलिप स्मिथ यांनी तो चार्ट जानेवारी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला तो अशाच आकडेमोडीतून सुटका व्हावी म्हणून.

प्रयोग करताना प्रोब खाचेत खोल घालू नकोस. सिग्नल मोठा दिसतो म्हणून मुलं हमखास घालतात, पण मग प्रोबच लहर बिघडवतो. आणि व्हीएसडब्ल्यूआर (उंचवट्या-खळग्यांचं हेच गुणोत्तर) खूप मोठा असेल तर उंचवटा मोजायचाच नाही. खळग्याच्या दोन्ही बाजूंना शक्ती दुप्पट होते त्या दोन बिंदूंमधलं अंतर मोज. तरंगलांबीला पाय (π) गुणिले या अंतराने भागलं की व्हीएसडब्ल्यूआर मिळतो.

दुसरा मार्ग मला जास्त प्रिय : जनरल रेडिओचा १६०२ ॲडमिटन्स मीटर, सुमारे ४० ते १५०० मेगाहर्ट्झ. ॲडमिटन्स म्हणजे इम्पिडन्सचा व्यस्त, तो म्हो या एककात मोजतात; त्याचे दोन भाग कंडक्टन्स आणि ससेप्टन्स. एका सांध्यावरून तीन कोॲक्सियल फांद्या निघतात. एकीच्या टोकाला ५० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे २० मिलिम्होचा प्रमाणित कंडक्टन्स. दुसरीच्या टोकाला स्टब, म्हणजे लांबी बदलता येणारा लाइनचा तुकडा. तिसरीला आपली वस्तू. प्रत्येक फांदीत एकेक छोटा लूप आहे, तो फिरवला की त्या फांदीतल्या करंटचा कमी-जास्त वाटा उचलतो. तिन्ही लूप एकत्र जोडून बेरीज शून्य करायची.

यातली खुबी स्टबमध्ये आहे. त्याची लांबी दर वेळी तरंगलांबीच्या एक-अष्टमांश करायची. ५० ओहमच्या अशा स्टबचा ससेप्टन्स कुठल्याही फ्रिक्वेन्सीला २० मिलिम्होच येतो. त्यामुळे डायलवरचा आकडा सगळ्या पट्ट्यात तसाच खरा राहतो, भागाकार-गुणाकार नाही. आणि वस्तूपर्यंतची लाइन पाव तरंगलांबीची ठेवली तर ती ॲडमिटन्स उलटवून देते, म्हणजे डायलवरच्या मिलिम्होंना अडीचने गुणलं की थेट ओहम. कॉम्प्युटर नसताना लाइनच्या लांबीकडूनच गणित करून घेतलं आहे! आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना आधी या मीटरचं चित्र काढून दाखवते.

रानवारा :

धन्यवाद ताई! एक-अष्टमांशाचं गणित वहीत करून बघितलं. टॅन ४५ अंश एक येतो, म्हणून. आता बेंचवर प्रोबची खोली बदलून फरक बघणार आहे. वाचनखूण साठवली.

बोरीबंदर :

लॅमिंग्टन रोडवर माझं नेहमीचं जाणं असतं, त्यावरून खरेदीबद्दल थोडं. जनरल रेडिओचं ८७४ जातीचं कनेक्टर दिसलं तर सोडू नका. त्यात नर-मादी भेद नसतो, कुठलंही कुठल्याही दुसऱ्याला बसतं. चांदीचा मुलामा काळा पडलेला असेल तरी हरकत नाही, पण चार पाकळ्या वाकलेल्या नसाव्यात. स्लॉटेड लाइन घेताना प्रोबची गाडी टोकापासून टोकापर्यंत सरकवून बघा, मध्ये कुठे अडली तर आतला दांडा वाकलाय.

ह्यूलेट-पॅकार्डचं ४८१५-ए व्हेक्टर इम्पिडन्स मीटर कधीकधी विकायला येतं. ५०० किलोहर्ट्झ ते १०८ मेगाहर्ट्झ, एका काट्यावर इम्पिडन्स, दुसऱ्यावर फेज, शून्य शोधायची गरज नाही. पण त्याचा सगळा जीव प्रोबमध्ये आहे. प्रोब नसेल तर पैसे देऊ नका. आणि काकांनी सांगितलेला शेजारच्या ट्रान्समीटरचा त्रास त्यालाही होतो, वस्तूत अवघे ४ मायक्रोॲम्पिअर सोडून ते मोजतं.

मला वाईट याचं वाटतं की या पेट्या फोडून फक्त पितळ आणि ॲल्युमिनियम वेगळं काढलं जातं. निदान इथल्या मंडळींनी आपापल्या गावातल्या भंगारवाल्याला सांगून ठेवावं, की असलं काही आलं तर फोडायच्या आधी फोन कर.

शून्यबिंदू :

बोरीबंदर, शंभर टक्के अनुमोदन. मी सांगून ठेवलंय.

आता ब्रिजची बातमी. मध्यमलहर काकांनी सांगितल्याप्रमाणे स्प्रिंगा पुसल्या, तांब्याची पट्टी टाकली, तारेला टेकू दिला. रिसीव्हरची केबल काढल्यावर आता पूर्ण शांतता असते. तपासणीसाठी १०० पिकोफॅरडचा सिल्व्हर मायका कंडेन्सर घेतला. १ मेगाहर्ट्झला त्याचा रिॲक्टन्स १५९२ ओहम यायला हवा. ३००० वरून सुरुवात केली, डायल १४१५ वर थांबली. फरक १५८५. मायकाच्या एक टक्क्याच्या हमीत सहज बसतो. रेझिस्टन्सची डायल जवळपास हललीच नाही, म्हणजे मायकातला व्यय नगण्य.

मग तोच मायका १० मेगाहर्ट्झला मोजला. फरक १५७० आला. डायलवर १५ ची घट कुठून आली?

मध्यमलहर :

उत्तम वाचन आहे, आणि घट खरी आहे. शुद्ध कंडेन्सरचा रिॲक्टन्स फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात घटतो आणि आपली डायल फ्रिक्वेन्सीने गुणलेला रिॲक्टन्स दाखवते. म्हणून शुद्ध कंडेन्सरला डायलवरचा फरक प्रत्येक फ्रिक्वेन्सीला सारखाच यायला हवा. जेवढा कमी आला तेवढी मालिकेत इंडक्टन्स आहे. १५ भागिले १०, म्हणजे दीड ओहम. १० मेगाहर्ट्झला दीड ओहम म्हणजे २४ नॅनोहेन्री. मायकाचे पाय दोन्ही मिळून अडीच सेंटिमीटरच्या आसपास ठेवलेत ना?

शून्यबिंदू :

पट्टी लावून बघितली. दोन्ही मिळून २६ मिलिमीटर. आता ते मुळापाशी कापून पुन्हा मोजतो आणि मग ५१ ओहमच्या मेटल फिल्म रेझिस्टरवर ३० आणि ५० मेगाहर्ट्झचं वाचन घेतो, म्हणजे मॅन्युअलमधला दुरुस्तीचा आलेख माझ्या पेटीला कितपत लागू पडतो ते कळेल. आकडे इथेच टाकतो.